गॅफर टेप आणि स्पाइक टेपचा सेट: नाटकवाल्यांनी घ्यावाच

दोन इंची काळा गॅफर, अर्ध्या इंचाचे रंगीत स्पाइक टेप आणि अंधारात चमकणाऱ्या ग्लो टेपचा एक रोल असा सेट आहे, तालमीत आणि प्रयोगात भरपूर वापरून झालाय म्हणून लिहितेय. बॅकस्टेज करणाऱ्यांसाठी खरंच भारी वस्तू आहे.

बरेच जण डक्ट टेपवर भागवतात पण त्याला वरून प्लास्टिकचा थर असतो, लाइट पडला की चमकतो आणि काढला की फ्लोअरवर गोंद राहतो. गॅफर कापडी, मॅट, हाताने सरळ फाटतो आणि स्ट्राइकला, म्हणजे शेवटी सेट उतरवताना, साफ निघून येतो. मात्र गरम लाइटखाली दिवसेंदिवस ठेवला तर तोही गोंद सोडतो, लगेच काढा.

स्पाइक मार्क म्हणजे खुर्ची, टेबल, लेव्हल (उंचवट्याचा प्लॅटफॉर्म) नेमकी कुठे येणार त्याची फ्लोअरवरची खूण. अख्खा चौकोन आखू नका, मागच्या दोन कोपऱ्यांना काटकोनात छोटे तुकडे लावले की पुरे, प्रेक्षकांना दिसतही नाही. प्रत्येक प्रवेशाला वेगळा रंग दिला की ब्लॅकआऊटआधीच, म्हणजे स्टेजवर अंधार व्हायच्या आधीच, कोणी काय कुठे न्यायचं ते पक्कं होतं, आणि हे महत्त्वाचंय कारण लाइटचा फोकस त्या जागेवर लावलेला असतो, खुर्ची फूटभर सरकली तरी कलाकाराचा चेहरा अंधारात जातो. तालमीच्या हॉलमध्ये सेंटर लाइन आणि विंगांच्या जागाही याच टेपने आखा. नवीन मुलांना तिथेच उभं करून दाखवा की स्टेज लेफ्ट म्हणजे प्रेक्षकांकडे तोंड केलेल्या कलाकाराची डावी बाजू आणि अप स्टेज म्हणजे प्रेक्षकांपासून लांबचा भाग, नुसतं तोंडी सांगून लक्षात राहत नाही.

साइटलाइनसाठी, म्हणजे प्रेक्षकांना विंगेत कुठपर्यंत दिसतं ते ठरवायला, तर हमखास वापरा. एकाला पहिल्या रांगेतल्या टोकाच्या खुर्चीवर बसवा, दुसऱ्याने विंगेत मागे सरकत जायचं, दिसायचा बंद झाला की तिथे पट्टी मारायची. एंट्रीची वाट बघणाऱ्याने तिच्या पुढे यायचं नाही.

ग्लो टेप मात्र ठीकठाक. पायऱ्यांच्या कडेला चांगला, पण प्रयोगाआधी वर्क लाइट मारून चार्ज करावा लागतो आणि या सेटमधला लवकर मंद होतो, तो वेगळा चांगला घ्या.

केबलवर टेप लांबीने लावा, आडवे तुकडे नकोत, पाय अडकतो. रंगवलेल्या फ्लॅटवर (सेटच्या भिंतीच्या चौकटीवर) लावू नका, रंग उचलून येतो. आणि वर काहीही टांगायला टेप कधीच वापरू नका, तिथे सेफ्टी केबलच (स्टीलची तार) हवी.