विद्यार्थ्यांचं वृत्तपत्र की इंटर्नशिप?

बातमीदारी शिकायला विद्यार्थ्यांनी चालवलेलं वृत्तपत्र बरं की न्यूजरूममधली इंटर्नशिप? इंटर्नशिपमध्ये डेडलाइनचा धाक खरा असतो, ओळखी होतात. पण बरेचदा वाट्याला येतात प्रेसनोट आणि भाषांतरं. आपली कॉपी, म्हणजे लिहून दिलेली बातमी, का कापली, हे सांगायला उपसंपादकाला सवड कुठली! विद्यार्थी-वृत्तपत्रात बीट, म्हणजे वाटून दिलेलं बातम्यांचं क्षेत्र, स्वतः सांभाळायची, आरोप असेल तर समोरच्याचीही बाजू घ्यायची, आकडे पडताळायचे, मथळा द्यायचा आणि चूक झाली तर दुरुस्तीही आपणच छापायची. मात्र अंक नुसता गुणांसाठी निघत असेल, तर कागद वाया. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाने १९०८मध्ये पत्रकारितेचं महाविद्यालय सुरू केलं, तेव्हाच खऱ्या वाचकांसाठी वृत्तपत्रही काढलं. माझा कौल आधी वृत्तपत्राला. इंटर्नशिप शेवटच्या वर्षी.