कोठ्याचं गोदाम करून देणारा ठेकेदार : लोखंडाला पाच तारे, मातीला दोन

नागपुरात आमचं बिछायत केंद्र आहे, लग्नकार्याला गाद्या-सोफे भाड्याने देतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. नदीकाठच्या आमच्या भाड्याच्या गाळ्यात तेव्हा लग्नसराईसाठी धुवून ठेवलेल्या गाद्या, गालिचे आणि मखमली सोफे होते. दोन दिवस गाळ उपसला. वास काही जाईना; सोफे शेवटी भंगारवाल्याला फुकट दिले, तेही त्याने तोंड वाकडं करून नेले. त्या दिवाळीत सासरे म्हणाले, "हिंगण्याकडचा कोठा रिकामाच आहे नं. बैलं गेले, कुटार गेलं. तिथं ठेवा तुमचं सामान."

साठ फूट लांब, पंचवीस फूट रुंद कोठा. दोन फुटी मातीच्या भिंती, सागाच्या बल्ल्या, वर कवेलू. अर्ध्यात आमचा माल आणि अर्धा भाड्याने, असा बेत केला. समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून सुटतो, कोठा तिथून लांब नाही, तेव्हा गिऱ्हाईक मिळेल असं वाटलं. पण दुसऱ्याचा माल सांभाळायचा म्हटलं की सातबारा, अकृषिक परवानगी, वीजजोडणी, विमा सगळंच आलं. कागदांत सात महिने गेले. ते रडगाणं इथे गात नाही, फक्त ठेकेदाराबद्दल लिहिते. त्याचं नाव विचारू नका, शेवटचा हिशेब अजून मिटायचा आहे.

पहिल्या भेटीला तो कॅमेऱ्यांचा आणि कुलपांचा कॅटलॉग घेऊन आला. मीही भुललेच होते. त्याच्यासोबत आलेला म्हातारा मिस्त्री मात्र पहार घेऊन मागच्या भिंतीकडे गेला, दोन ठोसे मारले आणि परत येऊन म्हणाला, "ताई, समोर कितीही भारी कुलूप लावा, चोर काहून तिकडून येईन? ह्या भिंतीले पहारीनं दहा मिनटात भोक पडते." काम यांनाच द्यायचं, हे मी तिथेच ठरवलं. ठेकेदाराला अजून वाटतं की कोटेशन बघून दिलं.

लोखंडाचं काम खरंच नंबरी झालं. आत लोखंडी खांबांचा सांगाडा उभारला, छताचं ओझं मातीच्या भिंतींवरून काढून त्यावर घेतलं आणि मग भिंती पाडून नऊ इंची विटांच्या बांधल्या, दहा फुटांपर्यंत. त्याच्या वर पत्रा. खालपासून पत्राच लावला असता तर लाखभर वाचले असते. पण पत्र्याचे स्क्रू बाहेरून मारलेले असतात, आणि जो पाना घट्ट करतो तोच सैल करतो. चार स्क्रू काढले की माणूस आत. म्हणून हाताच्या टप्प्यात वीट, आणि वरच्या पत्र्याला व छताला आतून वेल्डमेशची जाळी, तीही सांगाड्याला वेल्ड केलेली. जाळी ही मिस्त्रीचीच कल्पना.

शटरचंही तसंच. दोन टोकांना कुलपं असली तरी दहा फुटी शटर मधोमध जॅक लावून उचलता येतं, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. आता मध्ये तिसरं कुलूप आहे, जमिनीत गाडलेल्या कडीला. माणसांसाठीच्या छोट्या दाराच्या बिजागऱ्या आतल्या बाजूला घेतल्या. कॅमेरे सहा लावले, पण रेकॉर्डिंगचा डबा ऑफिसच्या टेबलावर न ठेवता वर माळ्यावर कुलूपबंद पेटीत ठेवला, नाहीतर चोर पुरावाही सोबत घेऊन जातो. रात्री निघताना बाहेरच्या पेटीतून अख्ख्या गोदामाची वीज बंद करता येते. कॅमेऱ्यांची लाइन तेवढी वेगळी चालू राहते. कपडा, फोम आणि प्लास्टिकच्या फुलांच्या ढिगात रात्रभर वायर गरम होत राहण्यापेक्षा अंधार बरा.

एका ठिकाणी मला भांडावं लागलं. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, तेव्हा साध्या पत्र्याखाली फोमच्या खुर्च्यांचं काय होतं ते आम्ही भोगलंय. गोंद सुटतो, सनमायका उचलतो. ठेकेदाराने पफचे पॅनेल सुचवले. उष्णता ते छान अडवतात, पण आतला फोम आग लागली की जळतो. मी रॉकवूलचे, म्हणजे दगडी लोकर भरलेले मागितले, कारण ती जळत नाही. "ताई, वजन वाढेल, खर्च वाढेल, एवढं कोणी करत नाही." मी म्हटलं, एवढी मखमल तरी कोण ठेवतं? केले शेवटी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा ठीक असल्याचा दाखला घ्यावा लागतो. पहिल्या वेळी आलेला माणूस छताकडे बघून मान डोलावून गेला.

आता माती.

आमच्याकडे काळी कापसाची जमीन. पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत हात जातो. खांबांचे खड्डे मुरूम लागेपर्यंत न्यायला हवेत, हे सासऱ्यांनी पहिल्या दिवशी खाटेवरून ओरडून सांगितलं. खांब नीट झाले, सहा फुटांवर मुरूम लागला. फरशीत मात्र ठेकेदाराने हात आखडला. काळी माती काढून मुरूम भरायचा होता, तो पूर्वेकडच्या तिसऱ्या हिश्शात अर्धाच भरला. आम्ही त्या आठवड्यात काटोलला लग्नात, बघायला कोणी नाही. वर ट्रिमिक्स, म्हणजे जादा पाणी शोषून घोटलेलं काँक्रीट, केल्यावर सगळं आरशासारखं गुळगुळीत दिसलं. पहिला पाऊस मुरला आणि फरशी इंचभर वर आली. शटर टेकेना. माझं ते मधलं कुलूप, एवढ्या कौतुकाचं, कडीत बसेना! पंधरा रात्री आमचा मुलगा शटरच्या आत खाट टाकून झोपला. ठेकेदाराचं फोनवर एकच: "टेन्शन नका घेऊ ताई, जमीन सेट होऊन राहिली."

दोन महिन्यांनी तेवढी फरशी फोडली, माती काढली, मुरूम दाबून पुन्हा केली. खर्च अर्धा अर्धा. माझ्या मते तो सगळा त्याचा होता. कोटेशन ११ लाख ४० हजारांचं होतं, गेले १३ लाखांच्या वर. त्यातली रॉकवूल आणि जाळीची वाढ माझी, बाकीची नाही.

उंदरांचा बंदोबस्त मात्र शटरखालच्या ब्रशपट्टीने झाला, आणि एका मांजरीने, जिचा पगार दूध.

भाडेकरू तीन आहेत. एक मंडप-लायटिंगवाला, एक शालेय वह्यांचा व्यापारी, एक बाई ज्या ऑनलाइन साड्या विकतात. तिघांचे जाळीचे वेगळे कप्पे, प्रत्येकाची किल्ली प्रत्येकाकडे. वहीवाल्याने करार करताना कॅमेऱ्यांबद्दल एक शब्द काढला नाही. भिंतीवर टकटक करून बघितली आणि विचारलं, "ओल येते का?"

सासऱ्यांनी एकच गोष्ट मागितली होती. दावणीच्या दगडातलं लोखंडी कडं काढू नका. ठेकेदार ते गॅसकटरने कापायला निघाला होता, मिस्त्रीने हात धरला. आता जनरेटरची साखळी त्याच कड्याला आहे.

लोखंडाचं काम असेल तर त्याला परत बोलावीन, पण जमिनीचं काम चालू असेल त्या दिवशी लग्नाला जाणार नाही. मागच्या बाजूची पाण्याची नाली अजून त्याने केलेली नाही. दिवाळीनंतर करतो म्हणाला आहे. त्याचे ३५ हजार अजून माझ्याकडे आहेत.