हॅचेट, माय साइड ऑफ द माउंटन आणि ब्लू डॉल्फिन्स: वाचनगटात काही महिने वापरल्यावर

१० ते १४ वयोगटाच्या वाचनगटात ही तीन पुस्तकं जूनपासून चालू आहेत. तिन्हींचा विषय एकच: एकटं मूल रानात किंवा बेटावर अडकतं आणि हाताशी असेल तेवढ्यावर तगून राहतं. थरार तर कुठल्याही साहसकथेत असतो. या प्रकारात लेखकाचा कस लागतो तो दुसरीकडेच. पहिला प्रयत्न का फसला आणि दुसऱ्यात नेमकं काय बदललं, हे तो सांगतो का? या कसोटीवर तिन्ही पुस्तकं उतरतात. काही जागी चुकतातही, आणि त्या जागा मोठ्यांना आधी माहीत असायला हव्यात.

एकच घ्यायचं असेल तर गॅरी पॉलसेन यांचं ‘हॅचेट’ घ्या. १९८८ साली त्याला न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतला बालसाहित्याचा सन्मान मिळाला. १३ वर्षांचा ब्रायन कॅनडाच्या उत्तरेत काम करणाऱ्या वडिलांकडे छोट्या विमानाने निघतो. वाटेत वैमानिकाला हृदयविकाराचा झटका येतो आणि विमान तळ्यात कोसळतं. पुढचे ५४ दिवस त्याच्याजवळ आईने दिलेली एक छोटी कुऱ्हाड असते. १९ प्रकरणं आहेत. एक प्रकरण मोठ्याने वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, मध्ये मराठीतून बोलत गेलं तर पाऊण तास. वाक्यं तुटक आहेत आणि तेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. एकट्याने वाचताना हे कंटाळवाणं वाटू शकतं, पण मोठ्याने वाचताना उलट फार उपयोगी पडतं. मराठी माध्यमाची आठवी-नववीची मुलं थेट इंग्रजीतून पकडतात. पाचवी-सहावीला प्रकरण आधी मराठीत सांगावं आणि मग निवडक दोन पानं वाचावीत.

सगळ्यात कामाचा भाग आगीचा. अंधारात साळिंदरावर फेकलेली कुऱ्हाड दगडावर आपटते, ठिणग्या उडतात, आणि दुसऱ्या दिवशी ब्रायन त्या मुद्दाम पाडायला लागतो. वाळलेलं गवत पेटत नाही, काटक्या पेटत नाहीत, खिशातली वीस डॉलरची नोट फाडून ठेवली तीही नाही. शेवटी बर्च झाडाची साल केसासारखी बारीक सोलून तिचा गोळा केल्यावर ठिणगी टिकते. तीही फुंकर घातल्यावरच ज्वाळा धरते. इंधन, उष्णता आणि हवा, तिन्ही लागतात हे मुलांना इथे पाठ न करता कळतं.

पण हे जितकं सहज दाखवलं आहे तितकं सोपं नाही. ठिणगी दगडातून निघत नाही. कठीण दगड पोलादाचा बारीक कण खरवडतो आणि तो कण हवेत जळतो. म्हणून पोलाद चांगलं कठीण हवं आणि दगड त्याहून कठीण. सह्याद्रीचा काळा पाषाण इथे फारसा उपयोगाचा नाही. त्याच्या पोकळ्यांत मिळणारी गारगोटी किंवा अकीक चालतो. शिवाय पोलादाची ठिणगी दुबळी असते. ती नुसत्या सालीवर क्वचितच धरते. चकमक वापरणारे लोक त्यासाठी कोळसा केलेलं सुती कापड ठेवत. अशा कापडावर ठिणगी पडली की ज्वाळा न होता निखारा पसरतो, आणि तो वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवून फुंकायचा. शिवाय दगडावर मारून मारून कुऱ्हाडीची धार जाते. ज्याच्याकडे ते एकच हत्यार आहे त्याच्यासाठी हा मोठा तोटा, आणि पुस्तकात त्याचा पुरेसा विचार नाही.

मुलांना करून दाखवायचं तर फेरो रॉड घ्या, म्हणजे खरवडल्यावर ठिणग्या पाडणारी धातूची कांडी. ट्रेकिंगच्या दुकानात मिळतो आणि त्याची ठिणगी पोलादाच्या ठिणगीपेक्षा कितीतरी गरम असते. नव्या रॉडवर काळा थर असतो. तो आधी खरवडून काढावा लागतो, नाहीतर ठिणगीच पडत नाही आणि मुलं रॉड खराब आहे असं समजून सोडून देतात. रॉड खरवडायची पट्टी पुढे ढकलू नका. पट्टी जागेवर स्थिर धरून रॉड मागे ओढा, म्हणजे हात खाली पेटवायला ठेवलेल्या कापसावर आपटून सगळं विस्कटणार नाही. कापसाचा बोळा पिंजून त्याला थोडं व्हॅसलीन चोळलं तर तो काही मिनिटं जळतो. त्यावर काडेपेटीच्या काडीएवढ्या काटक्या, मग पेन्सिलएवढ्या, मग अंगठ्याएवढ्या. बहुतेक वेळा आग विझते ती तिसरा टप्पा घाईने घातल्यामुळे. पावसाळ्यात कापूस दमट होतो, तो झाकणाच्या डबीत ठेवा. मोकळी माती, शेजारी भरलेली बादली, अंगावर नायलॉन नको, केस बांधलेले, आणि मोठं माणूस समोर. यातली एकही अट सोडू नये.

मासे मारण्याचं प्रकरण विज्ञानाच्या तासाला थेट वापरता येतं. ब्रायनचा नेम सारखा चुकतो, कारण पाण्यात प्रकाश वळतो आणि मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो. टबमध्ये वीतभर पाणी घेऊन तळाशी नाणं ठेवा. फूटभर पाइप खुर्चीला तिरका बांधा, त्यातून नाणं दिसेल असा. आता हात न हलवता त्याच पाइपातून सरळ बारीक सळई खाली सोडा. ती नाण्याच्या पलीकडे टेकते. पाइप अगदी उभा केला तर बरोबर नाण्यावर. पाइप जितका आडवा तितकी चूक मोठी, हे मुलं स्वतःच शोधून काढतात.

खाण्याच्या प्रसंगांबाबत मात्र सावध राहा. ब्रायन पक्ष्यांना खाताना बघून लाल फळं खातो आणि रात्रभर पोट धरून पडतो. हा प्रसंग चांगला आहे, पण पुढे तीच फळं तो थोडी थोडी खातो, आणि मुलांच्या डोक्यात तेवढंच राहू शकतं. इथे आपल्याकडची उदाहरणं लगेच द्यावीत. पक्षी खातात म्हणून माणसाला चालतं असं नाही. चंद्रज्योत म्हणजे मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात, आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा येतात. गुंज आणि धोतराही ओळखीचे असावेत. गटातला नियम एकच: घरच्या मोठ्यांनी ओळख करून दिलेलं करवंद-जांभूळ सोडून रानातलं काहीही तोंडात घालायचं नाही.

कासवाची अंडी कच्ची खाण्याच्या प्रसंगावर कोकणातली मुलं हमखास हात वर करतात. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेची घरटी जपली जातात, आणि १९७२च्या वन्यजीव कायद्याने समुद्री कासवांना संरक्षण आहे. हा विषय टाळू नका, त्यावर अख्खा तास द्या. पाण्याबाबत पुस्तक साफ चुकतं. ब्रायन तळ्याचं पाणी तसंच पितो आणि त्याला जंतूंचा त्रास होत नाही. खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळलेलं पाणीच प्यावं, उंच डोंगरावर तीन मिनिटं.

मुलांसमोर नेण्याआधी ‘हॅचेट’ स्वतः पूर्ण वाचा. त्याची दोन कारणं. शोधाचं विमान परत फिरल्यावर ब्रायन निराशेत स्वतःला इजा करून घेतो. उल्लेख छोटा आहे, पण आहे. आणि शेवटाकडे बुडालेल्या विमानात वैमानिकाचा मृतदेह दिसतो. दहापेक्षा लहान मुलांना हे वाचून दाखवू नये. मोठ्या मुलांबरोबर वाचताना पहिल्या प्रसंगापाशी थांबून बोलावं, पान उलटून पुढे जाऊ नये.

जीन क्रेगहेड जॉर्ज यांचं ‘माय साइड ऑफ द माउंटन’ १९५९चं. न्यूयॉर्कचा सॅम घर सोडून कॅट्सकिल डोंगरात पोकळ हेमलॉक झाडात राहतो. तंत्राच्या बाबतीत हे ‘हॅचेट’पेक्षा प्रामाणिक आहे. पहिल्या रात्री त्याला चकमकीने आग पेटवता येतच नाही. दुसऱ्या दिवशी एक अनुभवी माणूस दाखवतो तेव्हा जमतं. झाडातल्या चुलीची हवेची भोकं हिवाळ्यात बुजतात आणि त्याचा जीव गुदमरायला लागतो. तो प्रसंग वाचून झाला की बंद खोलीत पेटती शेगडी का ठेवायची नाही हे वेगळं समजवावं लागत नाही. सॅम घरट्यातून बहिरी ससाण्याचं पिल्लू आणतो, हे मात्र आज करायचं नाही हे स्पष्ट सांगा. डीडीटी या कीटकनाशकामुळे १९६०च्या दशकात पूर्व अमेरिकेतून हा पक्षी घरटी करणारा म्हणून नाहीसा झाला होता. लेखिकेचे जुळे भाऊ फ्रँक आणि जॉन ससाणे पाळणारे निसर्ग अभ्यासक होते, आणि १९४०-४१मध्ये ते भावनगरच्या राजपुत्राकडे पाहुणे म्हणून आले होते. मुलांना नकाशावर भावनगर दाखवलं की पुस्तक एकदम जवळ येतं.

स्कॉट ओडेल यांचं ‘आयलंड ऑफ द ब्लू डॉल्फिन्स’ संथ आहे; बाराच्या आत नको. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन निकोलस बेटावर १८३५ ते १८५३ एकटी राहिलेल्या खऱ्या बाईवरून ते लिहिलं आहे. किनाऱ्यावर आणल्यावर ती सात आठवड्यांत वारली, आणि तिची भाषा तिथे कुणालाही नीट कळत नव्हती. कादंबरीतला भावाचा मृत्यू लवकर येतो आणि मुलांना जड जातो. देवमाशाच्या फासळ्यांचं कुंपण आणि सांध्यांतून पाणी शिरल्यामुळे अर्ध्यातून परतलेली होडी, ही दोन प्रकरणं आवर्जून वाचावीत.

‘हॅचेट’ संपलं की सुटका झाली नसती तर, हा प्रश्न येतोच. पॉलसेन यांनी १९९६च्या ‘ब्रायन्स विंटर’मध्ये तोच धरून पुढचा हिवाळा लिहिला आहे. ब्रायनचंच ‘द रिव्हर’ हे पुस्तक आधी आलं असलं तरी ते नंतर द्या, कारण त्यात ब्रायन सुटून घरी आलेला आहे आणि दोन्ही एकापाठोपाठ वाचली की मुलांचा गोंधळ होतो.