पाणी पिणारा बेडूक : उजनीच्या मरळीवर टॉपवॉटर फ्रॉग, काही महिन्यांच्या वापरानंतर

"उत्पादन पाण्यात वापरल्याचे दिसत आहे, त्यामुळे परत घेता येणार नाही." मासे धरायच्या बेडकाबद्दल, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या, गळ लावलेल्या प्लास्टिकच्या आमिषाबद्दल, ऑनलाइन विक्रेत्याने मला हे उत्तर पाठवलं. वर त्याच्याच सांगण्यावरून बुडत्या बेडकाचा व्हिडिओ मी काढून पाठवला होता. बेडूक काय शोकेसमध्ये ठेवायचा होता का? त्या रागातच हे लिहायला बसलोय.

रॉड, रील, तीस पौंडाची ब्रेडेड दोरी यांबद्दल तक्रार नाही. तक्रार फक्त या साडेतीनशे रुपयांच्या पोकळ बेडकाच्या पोटाची. डब्यावर अमेरिकन बास माशाचं चित्र. बास आपल्या उजनी धरणात नाही. इथे वर येऊन झडप घालणारी म्हणजे मरळ. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य ओढून घेतो, त्याचे दात कानशीसारखे बारीक. मरळीला चांगले टोचणारे दात आहेत. ती बेडूक चावते, आणि त्या पातळ पोटाला भोकं पडतात. शिवाय गळाची दांडी जिथून बाहेर येते तिथली फट जन्मापासूनच उघडी. मग चार-पाच फेकींनंतर बेडूक जड होतो, मागून बसतो आणि शेवटी तळाला. दर वेळी काढा, दाबा, पिचकारी मारा, पुन्हा फेका. करमाळ्याकडच्या फुगवट्यात जलपर्णीच्या कडेला मी मासे कमी पकडले आणि बेडूक जास्त पिळले. सोबतचा मित्र म्हणाला, "काय बे, मासे धरायला आलास का धुणं पिळायला?"

सायकलच्या दुकानातून पंक्चरचं सोल्युशन लावून आणलं. अंग प्लास्टिकचं, ट्यूबचं रबर नव्हे. दुसऱ्याच फेकीला ठिगळ निघालं. झटपट गोंद वाळून काचेसारखा कडक होतो, आणि बेडकाचं पोट तर चाव्याखाली दबायलाच हवं, नाहीतर आत लपलेले दोन गळ उघडे पडत नाहीत. शेवटी हवा भरायच्या पोहण्याच्या ट्यूबला लावतात तो व्हिनाइलचा गोंद टिकला. एक रात्र वाळू द्या, घाई करू नका.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधल्या काळात मत थोडं बदललंय. पाणी पूर्ण बंद केल्यावर बेडूक कोरड्या पानासारखा हलका झाला आणि वाऱ्यात फेक कमी पडायला लागली. आता मागची फट मुद्दाम उघडी ठेवतो, दातांची भोकं तेवढी बुजवतो. थोडं पाणी आत असलं की मागचा भाग खाली बसतो, गळ मरळीच्या तोंडाजवळ राहतात. झडप बसल्यावर लगेच झटका मारू नका. दोरीवर वजन लागलं की मगच ओढा. मरळीचं तोंड हाडाळ, त्यामुळे गळाला कानशीने धार हवीच. डब्यातल्या गळाला ती नव्हती, हेही त्या विक्रेत्याच्या खात्यात मांडा.

जलपर्णीत हा बेडूक अडकत नाही, हे मात्र मान्य. मरळ हवा घ्यायला वर येते. बुडबुडा दिसला की थेट डोक्यावर नाही, पलीकडे फेकायचा आणि हळू ओढत आणायचा. जलपर्णीत मोकळ्या पाण्याचं भोक असेल तिथे थांबवायचा. रंगावर पैसे घालवू नका, मासा खालून पोटच बघतो. पाठीवरची नक्षी गिऱ्हाइकासाठी असते.

पावसाळ्यात लालसर पिल्लांचा पुंजका वर तरंगताना दिसला तर तिथे फेकू नका. आई-बाप राखणीला असतात आणि चिडून हमखास धरतात. ते गेले की पिल्लं इतर माशांच्या पोटात. याला मासेमारी म्हणत नाहीत.

त्याच खरेदीत आलेला पॉपर (ओढला की पाण्यावर आवाज करणारं आमिष), तीन काट्यांच्या गळांचा, जलपर्णीत पहिल्याच फेकीला गवताची पेंडी घेऊन आला. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली जाऊन काठ उघडे पडले की बघू त्याचं.

पाचपैकी अडीच तारे. अर्धा तारा पाणी पिण्याचाच. दुसरा बेडूक घेणार आहे, पण आता सोलापुरातच, आणि दुकानदाराने बादलीभर पाणी पुढे ठेवलं तरच.