समुद्री अन्नजाळ्याचा कार्डसंच: सातवीच्या वर्गात कसा उतरला

सहावी ते आठवीच्या मुलांना समुद्रातील अन्नजाळे शिकवण्यासाठी एका परदेशी कंपनीने तयार केलेला कार्डसंच आमच्या शाळेने या वर्षी मागवला. पालघर तालुक्यातील आमची शाळा किनाऱ्यालगत आहे आणि वर्गात कोळी कुटुंबांतील मुले बरीच आहेत, हे आधीच सांगितले पाहिजे. कारण संचाचे गुण आणि उणिवा दोन्ही त्यामुळेच स्पष्ट झाल्या.

संचात उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील केल्पच्या (उंच वाढणाऱ्या समुद्री शैवालाच्या) जंगलातील जीवांची जाड लॅमिनेट केलेली कार्डे, दोऱ्यांची रिळे, मण्यांची पिशवी आणि काही कोरी कार्डे आहेत. मुले कार्ड गळ्यात अडकवून गोल बसतात आणि ज्याला खाल्ले जाते त्याच्या हातून खाणाऱ्याच्या हाती दोरा जातो. अन्नसाखळी काढताना मुले हटकून बाण उलटा काढतात, कारण त्यांच्या मनात ‘मासा किड्याला खातो’ हे वाक्य असते. बाण ऊर्जेच्या प्रवासाचा असतो, ही गोष्ट फळ्यावर कितीही सांगितली तरी जी ठसत नाही, ती दोरा स्वतःच्या हाताने पुढे दिल्यावर चटकन ठसते. एवढ्या एका कारणासाठीही मी हा संच चांगला म्हणेन.

संचाचे खरे बळ मात्र जीव वगळण्याच्या खेळात आहे. समुद्री पाणमांजराचे कार्ड घेतलेल्या मुलाने दोरे सोडले की ते अर्चिनच्या, म्हणजे पाणमांजर ज्याला खाते आणि जो स्वतः केल्प खातो त्या काटेरी प्राण्याच्या, हातात सैल पडतात, आणि मग अर्चिनची संख्या वाढून केल्प फस्त होतो, हे मुले स्वतः बोलून दाखवतात. आमच्या वर्गात केल्प झालेल्या मुलीने तर, “बाई, मग माझ्यात राहणारे मासे कुठे जाणार?” असे विचारून पुढचा तास स्वतःच सुरू केला. ही काल्पनिक गोष्ट नव्हे. फरसाठी झालेल्या शिकारीने पाणमांजरे जवळजवळ संपली होती. 1911 च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर त्यांना संरक्षण मिळाले आणि जिथे ती परतली तिथे केल्पही पुन्हा उभा राहिल्याचे शास्त्रज्ञांनी नोंदवले. पुस्तिकेत हा इतिहास नीट दिला आहे. अर्चिन खाणाऱ्या सूर्यफूल-तारामाशाचे कार्ड मात्र तो आजही मुबलक असल्यासारखे छापले आहे. 2013 पासून पसरलेल्या रोगाने हा तारामासा बऱ्याच किनाऱ्यांवरून नाहीसा झाला आणि उत्तर कॅलिफोर्नियातील केल्पचे जंगल ओसरण्यामागे तेही एक कारण होते. शिक्षकाने हे जरूर सांगावे.

मण्यांचा खेळही उपयुक्त आहे. मणी म्हणजे ऊर्जा. 1000 मण्यांतून पुढच्या पातळीवर 100, मग 10 आणि शेवटी 1 मणी उरतो, तेव्हा मोठे शिकारी मासे थोडे का असतात हे मुलांना हाताने मोजता येते. दहा टक्के ही ढोबळ सरासरी आहे, प्रत्यक्षात हे प्रमाण बरेच कमीजास्त होते, एवढी पुस्ती जोडली म्हणजे झाले.

माझा गंभीर आक्षेप संचातील तक्त्यावर आहे. त्यात जीवभाराचा (प्रत्येक पातळीवरील सजीवांच्या एकूण वजनाचा) मनोरा जमिनीवरच्यासारखाच तळाला रुंद काढला आहे. खुल्या समुद्रात असे नेहमी नसते. वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्म जीवांचे) एका वेळचे वजन त्यांना खाणाऱ्या प्राण्यांपेक्षा कमी असू शकते, कारण ते काही दिवसांतच दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा भाग उचलणाऱ्या या सूक्ष्म जीवांना संचात एकच फिकट कार्ड मिळावे आणि विघटक जिवाणूंना एकही मिळू नये, हे मला खटकले. मेलेले मासे, विष्ठा, कुजणारी पाने यांतून पोषकद्रव्ये पाण्यात परत मिसळतात, हा अर्धा भाग सुटला तर जाळे पूर्ण होतच नाही.

कोरी कार्डे वापरून आम्ही आपल्या समुद्राचे जाळे मांडले, तेव्हा वर्गाचा उत्साह एकदम वाढला. डोल जाळ्यात (प्रवाहात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात) बोंबील आणि जवळा एकत्र येतात, हे मुलांना ठाऊकच होते. एका मुलाने तर बोंबील साफ करताना पोटात जवळा सापडतो, असे सांगून दोरा आपणहून जोडला. प्लवकांवर जगणारी तारली, तारली खाणारी सुरमई, खाजणातल्या तिवरांची गळालेली पाने, मासे आणि समुद्री साप उचलणारा समुद्री गरुड अशी कार्डे मग मुलांनीच चितारली, आणि सर्वांत वर माणूस ठेवायचा का, यावर वाद रंगला.

पुस्तिका फक्त इंग्रजीत आहे आणि आयातीमुळे किंमत चढते. मराठी माध्यमाच्या एकट्या शाळेने संच घेण्यापेक्षा केंद्रातील शाळांनी मिळून एक घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. दोरे लवकर गुंततात, म्हणून प्रत्येक पातळीला वेगळा रंग द्यावा. कोरी कार्डे अपुरी पडतात. त्यासाठी साधा जाड पुठ्ठा आणि सुतळी पुरते.