जुनी दीडशे सीसी, आठ महिने : शिकायची गाडी म्हणून कशी निघाली

गाड्यांचे अभिप्राय लिहिणारी माणसं बहुधा आधीपासून गाडी चालवणारी असतात. पिकअप कसा आहे, ऐंशीच्या पुढे थरथरते का, लिटरला किती देते. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी गिअरची मोटारसायकल शिकून लायसन्स काढायचं मी ठरवलं तेव्हा मला यातलं काहीच नको होतं. माझा प्रश्न एकच होता, पाडली तर उचलता येईल ना? त्याचं उत्तर कुठे मिळेना, म्हणून आता मीच लिहिते.

गाडी मी घेतली तेव्हा नऊ वर्षांची होती. १४९ सीसी, एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारं इंजिन, कार्ब्युरेटर, पाच गिअर, पुढे डिस्क, मागे ड्रम. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, नाही. पेट्रोलसकट वजन १४० किलोच्या आसपास, सीटची उंची ७९० मिलिमीटर. मी पाच फूट दोन इंच. दोन्ही पायांचे चवडे टेकतात, टाचा अधांतरी राहतात. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण शिकणाऱ्याच्या दृष्टीने या वर्गातल्या बहुतेक गाड्या सख्ख्या बहिणी आहेत. भाच्याचा आग्रह नव्या गाडीचा होता. मी जुनीच घेतली, त्यातही लेग गार्ड आधीच वाकलेली. पहिला ओरखडा दुसऱ्या कुणीतरी पाडून ठेवलेला असला की आपली अर्धी भीती तिथेच जाते.

त्याआधी वीस वर्षं मी गिअर नसलेली स्कूटर चालवत होते, त्यामुळे निम्मं तर येतंच असा माझा समज होता. त्या निम्म्यानेच सगळ्यात जास्त घोळ घातला. स्कूटरला डाव्या हातात मागचा ब्रेक असतो, मोटारसायकलला क्लच. दुसऱ्याच दिवशी समोरून कुत्रं आडवं आलं आणि वीस वर्षांच्या सवयीने मी डावा हात करकचून आवळला. गाडी थांबायच्या ऐवजी मोकळी सुटून पुढे सरकत राहिली. कुत्रं शहाणं होतं, बाजूला झालं. ही सवय मोडायला मला तीन आठवडे लागले. स्कूटरवरून येणाऱ्यांनी आधी मोकळ्या मैदानात फक्त थांबण्याचा सराव करावा असं माझं ठाम मत आहे. चालवणं नंतर.

क्लचबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण शिकण्यातला बराचसा काळ तिथेच जातो. पहिल्या आठवड्यात इंजिन इतक्या वेळा बंद पडलं की मोजणं सोडून दिलं. भाचा शेजारून चालत एकच वाक्य म्हणायचा, "मावशी, क्लच सोडायचा नाही, सोडत जायचा." ते डोक्यात शिरलं ते त्याने अ‍ॅक्सिलरेटरला हातच लावू दिला नाही त्या दिवशी. पहिला गिअर, उजवी मूठ मोकळी, आणि क्लच इतका हळू सोडायचा की गाडी आपली आपण सरकायला लागेल. जिथे ती पहिल्यांदा ओढ घेते ती जागा बोटांना सापडली पाहिजे. अर्ध्या तासात सापडली. आयडल, म्हणजे मूठ मोकळी असतानाची इंजिनची गती, किंचित वर ठेवलेलं हे जुनं इंजिन नुसत्या क्लचवर माणसाच्या चालीने निघतं, न कुरकुरता. या एका गुणासाठी मी त्याला पैकीच्या पैकी देते.

अर्ध्या क्लचवर इतका वेळ चालवून प्लेटा जळणार नाहीत का, अशी शंका मला होती. चारचाकीचा अनुभव असला की ती येतेच. पण अशा बहुतेक मोटारसायकलींचा क्लच अनेक प्लेटांचा असतो आणि इंजिनच्या तेलात बुडालेला असतो, त्यामुळे हळू सरावाची उष्णता तो बरीच सोसतो. चढावर क्लचवरच गाडी तोलून धरणं मात्र त्यालाही मानवत नाही. माझी खरी अडचण वेगळीच निघाली, केबल. जुनी केबल इतकी जड होती की वीस मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत कळ यायची आणि मला वाटायचं माझ्याच हातात जोर नाही. महिन्याभराने केबल बदलली, लिव्हरच्या सांध्यात तेल सोडलं, आणि दोन बोटांत काम होऊ लागलं. जुनी गाडी घेणाऱ्याने हे पहिल्या दिवशी करून घ्यावं. मी तो महिना स्वतःला दोष देत काढला.

आता पडण्याबद्दल. एकूण तीनदा, तिन्ही वेळा वेग चालण्याइतका. दोनदा कारण एकच होतं, हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला. चाक वळलेलं, वेग नसल्यासारखा, आणि गाडी त्या बाजूला अशी बसते की जणू कुणी खालून ओढली. हळू वळताना पुढच्या ब्रेकवर बोटच ठेवायचं नाही, लागेल तेवढा मागचा ब्रेक पायाने. उचलायचं तंत्र आहे आणि ते अंगच्या जोरावर अवलंबून नाही. इंजिन बंद, गाडी उजव्या अंगावर असेल तर साइड स्टँड आधीच खाली करून ठेवायचं, गिअर टाकलेला असावा म्हणजे घरंगळत नाही. मग गाडीकडे पाठ करून सीटला कंबर टेकवायची, एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला, आणि पाठ ताठ ठेवून पायांनी मागे मागे चालत जायचं. १४० किलो उठतात. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

मध्ये दहा दिवस एका शिकवणी वर्गालाही गेले. नाव लिहीत नाही. सरळ रेषेत फेऱ्या, गिअर वर, गिअर खाली, आणि दहाव्या दिवशी "झालं तुमचं". चाचणीत आठचा आकडा काढावा लागतो हे त्यांना ठाऊक होतं. तो तिथे एकदाही काढून घेतला नाही. विचारलं तर म्हणे, तिथे गेल्यावर जमतं.

तिथे गेल्यावर जमलं नाही. रांगेत पुढे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी आपुलकीने सुचवलं, "ताई, माझी स्कूटर घ्या, चटकन होईल." झालं असतंही. पण गिअर नसलेल्या गाडीवर चाचणी दिली तर कित्येक देशांत लायसन्सही तेवढ्याच गाड्यांचं मिळतं, मग हा सगळा खटाटोप कशाला? आकड्याचं पहिलं वर्तुळ नीट झालं. दुसऱ्यात शिरताना मला शंकूला चाक लागेलसं वाटलं, मी शंकूकडे बघितलं, घाबरून मूठ बंद केली, इंजिन बंद पडलं आणि पाय जमिनीला टेकला. परीक्षकांनी "पाय" एवढाच शब्द उच्चारला आणि कागदावर रेघ मारली.

पुढची तारीख महिन्याने होती. त्या महिन्यात मी जेवढं शिकले तेवढं आधीच्या तीन महिन्यांत शिकले नव्हते. जपानमधल्या लायसन्सच्या चाचणीत एक अरुंद पूल असतो : १५ मीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून ५ सेंटिमीटर उंच. ४०० सीसीपर्यंतच्या वर्गाला तो किमान ७ सेकंद घेऊन पार करायचा, मोठ्या गाड्यांना १०. जितकं सावकाश तितकं चांगलं. मला ही कल्पना फार आवडली. मोकळ्या फरशीवर खडूने तेवढाच पट्टा आखला आणि भाच्याच्या हातात मोबाइलचं घड्याळ दिलं. पहिल्या दिवशी चार सेकंद, तेही रेघेबाहेर जाऊन. तीन आठवड्यांनी अकरा सेकंद, रेघेच्या आत. कृती म्हटली तर साधी आहे, मूठ एका जागी स्थिर, क्लच ओढ घेतो त्या जागेवर हलता, मागचा ब्रेक हलकासा लागलेला, आणि नजर पट्ट्याच्या टोकाच्याही पुढे. मागच्या ब्रेकविरुद्ध इंजिन किंचित ओढत राहिलं की गाडी सुतासारखी सरळ राहते. मूठ पूर्ण बंद केली की डुलते, आणि मला शंकूपाशी नेमकं तेच झालं होतं.

आठच्या आकड्यात यावर दोन गोष्टी वाढतात. मान वळवायची, म्हणजे अक्षरशः हनुवटी खांद्यापर्यंत, जिथे जायचंय तिकडे. शंकूकडे बघितलं की गाडी शंकूकडेच जाते, यात जादू काही नाही, हात डोळ्यांच्या मागे जातात. आणि अशा हळू वळणात गाडी आत झुकवायची पण अंग बाहेर ठेवायचं, बाहेरच्या पायावर भार देऊन. वेगाच्या वळणात याच्या उलट. हे कळल्यावर स्कूटरवर इतकी वर्षं मी नेमकं काय करत होते याचं कुतूहल वाटलं.

दुसऱ्या खेपेला पास झाले. आकडा इतका शांतपणे निघाला की मला थोडं वाईटच वाटलं, कुणी बघत नव्हतं. खरी धाकधूक रस्त्यावरच्या भागात होती. वळल्यावर इंडिकेटर बंद करायला विसरणं ही माझी जुनी खोड आणि या गाडीचा इंडिकेटर आवाज करत नाही. वळायच्या आधी आरशात बघून भागत नाही, खांद्यावरून मागे बघितलेलं परीक्षकाला दिसायला हवं. मी जरा जास्तच नाटकीपणाने बघितलं. चाललं.

लायसन्स हातात आल्यावरचे चार महिने वेगळ्याच अभ्यासात गेले. अमेरिकेत १९८१ मध्ये हॅरी हर्ट या संशोधकांचा अपघातांवरचा अहवाल आला. लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची त्यांच्या चमूने प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी केली होती. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के चालक स्वतःच्या स्वतः किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. अर्ध्याहून अधिक जणांना त्या विशिष्ट गाडीवर पाच महिनेसुद्धा झालेले नव्हते. भाच्याला हे वाचून दाखवलं तर तो हिरमुसला. पण त्यातली मला खडबडून जागी करणारी गोष्ट म्हणजे धोका दिसल्यापासून आदळेपर्यंत चालकाच्या हातात साधारण दोन सेकंदही नसतात. तेवढ्यात डावा हात आवळायचा की उजवा, हा विचार करत बसता येत नाही.

म्हणून दर आठवड्याला मोकळ्या जागी दहा वेळा जोराने थांबते. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. पण एबीएस नसल्यामुळे तो एकदम न आवळता पिळत न्यावा लागतो, आधी भार पुढे येऊ द्यायचा आणि मग जोर. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, हे शाळेत गणित म्हणून केलं होतं. ३० आणि ६० च्या वेगाला फरशीवर खडूच्या खुणा केल्यावर ते पोटात जाणवलं. इथे या गाडीचे गुण कापते. मागचा ड्रम ओल्यात लवकर लॉक होतो, मागचं चाक दोनदा आडवं सरकलं. आज पुन्हा घेतली तर एबीएसवालीच घेईन, बाकी काही नसलं तरी चालेल.

आणखी एक, वेगात डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. हे ऐकून मला थट्टा वाटली होती. विमानवाले विल्बर राइट यांनी म्हणे बऱ्याच सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही हँडल कसं हलवता, आणि कुणालाच नीट सांगता आलं नाही. सगळे करत होते, माहीत कुणालाच नव्हतं. मुद्दाम करायला लागल्यावर खड्डा चुकवणं माझ्यासाठी एकदम सोपं झालं.

बाकी तक्रारी थोडक्यात. सिग्नलला उभं असताना न्यूट्रल सापडत नाही. थांबायच्या किंचित आधी, चाक फिरत असतानाच दुसऱ्यातून अर्धा दाब दिला तर मिळतो. साइड स्टँड खाली असताना इंजिन बंद करणारा स्विच नाही, त्यामुळे ते वर केल्याची खात्री डोळ्यांनीच करावी लागते. आरसे पाचव्या गिअरला थरथरतात. हेडलाइट मेणबत्तीच्या वरची आहे एवढंच. चेन दर ५०० किलोमीटरला तेल मागते आणि सैल झाली की पहिल्या गिअरला झटके देते, जे मी बराच काळ माझ्या क्लचच्या हाताचा दोष समजत होते. लिटरला ४५ च्या आसपास मिळतात.

विकायचा विचार होता, गिऱ्हाईकही आलं होतं. पण परवा भाची येऊन सीटवर बसली, दोन्ही पाय टेकवून बघितले, आणि नेमकं विचारलं, "मावशी, पडली तर उचलता येते?" गिऱ्हाइकाला नकार कळवला. क्लच केबल परवाच पुन्हा बदलून घेतली आहे, लेग गार्ड तशीच वाकडी ठेवली आहे. खडू मात्र संपलाय.