एनएचएस: फुकट नाही, पण बिलाचं टेन्शनही नाही
एनएचएस म्हणजे युकेची सरकारी आरोग्यसेवा. तिच्यासाठी लांब मुदतीच्या व्हिसासोबतच हेल्थ सरचार्ज भरावा लागतो, मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, आणि नंतर पगारातून टॅक्स कापतात तो वेगळाच, त्यामुळे तिकडं सगळं फुकट असतं ना असं कुणी विचारलं की हसूच येतं. पण एकदा ॲडमिट झालात की डिपॉझिट नाही, डिस्चार्जच्या दिवशी बिलिंग काउंटरवर फाइल घेऊन ताटकळणं नाही, मेडिक्लेमच्या अप्रूव्हलची वाट बघणं नाही. औषधांना इंग्लंडमध्ये आयटममागे ९.९० पौंड, स्कॉटलंड-वेल्सला तेही नाहीत.

बोंब आहे ती स्पेशालिस्टची. पुण्यात गुडघा दुखला की संध्याकाळी थेट ऑर्थोपेडिककडे जाऊन बसायचं, पैसे टाकले की एमआरआयही लगेच. इथं युकेत आधी जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, मग रेफरल, मग लेटरची वाट, आणि रेफरलनंतर १८ आठवड्यांत उपचार सुरू करायचं टार्गेट इंग्लंडमध्ये २०१६ पासून नुसतं कागदावरच आहे. म्हणून ज्यांना परवडतं ते इथेही प्रायव्हेट गाठतात, आणि गंमत म्हणजे तिथला कन्सल्टंट बऱ्याचदा एनएचएसचाच असतो!

हार्ट अटॅक, ॲक्सिडेंट असलं काही असेल तर मात्र मी डोळे झाकून एनएचएस म्हणेन. दातांचं काय ते इंडिया ट्रिपमध्येच उरकून घ्या.